मराठी अक्षरं फुटली, तर फॉन्टला हात लावण्याआधी बाइट बघा

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' आणि मध्ये मध्ये ¤, ¥ अशी चिन्हं दिसली, की बहुतेक कचेऱ्यांत पहिला इलाज ठरलेला असतो: सगळं सिलेक्ट करून फॉन्ट बदलायचा. त्याने काहीही होत नाही. दुसरा इलाज, म्हणजे तीच फाइल सेव्ह करून पुन्हा उघडून बघणं, हा तर घातक आहे. उघडेपर्यंत धड असलेला मजकूर त्या एका सेव्हमध्ये कायमचा जाऊ शकतो. म्हणून पहिला नियम: फुटलेली फाइल सेव्ह न करता बंद करा, मूळ फाइलची प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा.

'क' साठतो म्हणजे काय साठतं

तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, की निम्मा गोंधळ संपतो. अक्षराचा क्रमांक म्हणजे कोडपॉइंट, तो क्रमांक फाइलमध्ये लिहायची पद्धत म्हणजे एन्कोडिंग आणि पडद्यावर दिसणारा आकार म्हणजे फॉन्टमधलं चित्र. फाइलमध्ये चित्र कधीच नसतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या एकत्र क्रमांक-यादीत, 'क'चा क्रमांक २३२५ आहे. तो सोळाच्या पद्धतीत लिहितात: यू+०९१५. (या पद्धतीत ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ येतात.) यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये तो कसा उतरतो, ते एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे. ०९१५ चे सोळा बिट (० किंवा १ हे आकडे) लिहा: ०००० १००१ ०००१ ०१०१. त्यांचे चार, सहा, सहा असे तुकडे पाडा: ००००, १००१००, ०१०१०१. पहिल्या तुकड्याआधी १११० आणि उरलेल्या दोन्हींआधी १० लावा. तयार झाले आठ-आठ बिटांचे तीन बाइट: १११०००००, १०१००१००, १००१०१०१. सोळाच्या पद्धतीत ई० ए४ ९५.

देवनागरीचा गट ०९०० ते ०९७एफ असा १२८ जागांचा आहे. वरचं गणित या टोकापासून त्या टोकापर्यंत केलं, तर एक उपयोगी गोष्ट हाती लागते: प्रत्येक देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट ई० असतो आणि दुसरा फक्त ए४ किंवा ए५. व्यंजनं, बहुतेक स्वर, काना आणि पहिली वेलांटी ए४ मध्ये; दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि अंक ए५ मध्ये. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं निदान यावरच चालतं.

यूटीएफ-१६ मध्ये तोच 'क' दोन बाइटांत मावतो: ०९ १५, किंवा बाइटांचा क्रम उलट असेल तर १५ ०९.

आता जोडाक्षरं. 'क्ष' या अक्षराला स्वतःचा क्रमांक नाही. तो क, हलन्त, ष असा तीन कोडपॉइंटांचा, म्हणजे नऊ बाइटांचा आहे. 'स्त्री' दिसायला एक अक्षर, पण स, हलन्त, त, हलन्त, र, दुसरी वेलांटी असे सहा कोडपॉइंट आणि अठरा बाइट. साठवायचा क्रम उच्चाराचा असतो, दिसण्याचा नाही. 'कि'मध्ये वेलांटी डावीकडे दिसते, पण फाइलमध्ये ती 'क'नंतर येते. 'अर्क'मधला रफार डोक्यावर शेवटी चढतो, पण फाइलमध्ये र आणि हलन्त आधी, क मागून.

बाइट बघायचे कसे

एखाद-दुसरं अक्षर तपासायचं असेल, तर विंडोजवरचा वर्ड पुरेसा आहे. कर्सर चिन्हाच्या लगेच उजवीकडे ठेवून आल्ट आणि एक्स दाबा, चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक येतो. पुन्हा दाबलं की चिन्ह परत. जोडाक्षर असेल, तर शेवटच्या कोडपॉइंटचा क्रमांक मिळतो. तो बघून झाला की बॅकस्पेसने एकच कोडपॉइंट खोडा आणि मागच्याला तपासा. डिलीटची कळ मात्र सहसा अख्खं अक्षर उडवते.

पूर्ण फाइलसाठी हेक्स एडिटर (फाइलचे बाइट सोळाच्या पद्धतीत दाखवणारा प्रोग्रॅम) घ्या. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'फॉरमॅट-हेक्स' ही आज्ञा असते, लिनक्स आणि मॅकवर टर्मिनलमध्ये 'एक्सएक्सडी'. पहिल्या वीस-तीस ओळी पुरतात. चार शक्यता असतात:

ई० ए४ आणि ई० ए५ पुन्हा पुन्हा दिसतात: फाइल धडधाकट यूटीएफ-८ आहे, वाचणारा प्रोग्रॅम चुकतोय.

०९ एक आड एक येतो: यूटीएफ-१६ आहे.

सी३ ए० सी२ ए४ असा नमुना येतो: मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे.

३एफ ३एफ ३एफ: ही खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत. मूळ अक्षरं या फाइलमध्ये नाहीत.

फाइल धड, वाचणारा चुकतोय

एक्सेलमध्ये सीएसव्हीवर डबल क्लिक केलं आणि फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट (बीओएम, म्हणजे एन्कोडिंगची खूण) नसले, तर एक्सेल ती यूटीएफ-८ न समजता सिस्टिमच्या जुन्या कोडपेजने, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या जुन्या तक्त्याने, वाचतो. इंग्रजी सेटिंगच्या संगणकावर ते कोडपेज म्हणजे विंडोज-१२५२. त्यात ई० म्हणजे तिरक्या रेघेचा ए, ए४ म्हणजे ¤, ए५ म्हणजे ¥ आणि ९५ म्हणजे गोल ठिपका. एका 'क'ची तीन चिन्हं होतात ती अशी.

उपाय: रिकामी वर्कबुक उघडा, डेटा टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा, फाइल दाखवा, 'फाइल ओरिजिन'च्या यादीत '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' घ्या, खालच्या झलकेत मराठी नीट दिसली की लोड करा. फाइल तुम्हीच तयार करून दुसऱ्याला पाठवणार असाल, तर सेव्ह करतानाच 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडा. एक्सेल बीओएम घालतो आणि समोरचा डबल क्लिक करून मोकळा होतो. साधा 'सीएसव्ही' निवडलात, तर सगळी मराठी प्रश्नचिन्हांत जाते.

नोटपॅडचं एन्कोडिंग खालच्या पट्टीत दिसतं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नवी फाइल बीओएमविना यूटीएफ-८ मध्ये सेव्ह होते. त्याआधी 'एएनएसआय', म्हणजे तेच जुनं कोडपेज, हे मूळ सेटिंग होतं.

वेबपानावर हीच गडबड झाली, तर चारसेट (पानाचं एन्कोडिंग) सांगणारा मेटा टॅग पहिल्या १०२४ बाइटांच्या आत आहे का ते बघा. असूनही फरक पडत नसेल, तर सर्व्हरच्या हेडरमध्ये वेगळं एन्कोडिंग जातंय. हेडरचं म्हणणं टॅगपेक्षा वरचढ ठरतं. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः लिहा. विंडोजवर ते न लिहिल्याने घोळ होतो आणि तोच कोड लिनक्सवर बिनतक्रार चालत असल्याने कोणाला पत्ता लागत नाही.

दोनदा एन्कोड झालेला मजकूर

वर सांगितलेली चुकीची वाचलेली फाइल कोणीतरी यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली, की हा प्रकार जन्माला येतो. 'क'चे तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून पुन्हा एन्कोड होतात आणि सी३ ए० सी२ ए४ ई२ ८० ए२ असे सात बाइट होतात.

दुरुस्ती म्हणजे तीच चूक उलट्या दिशेने करणं. नोटपॅड++ मध्ये: फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडा, एन्कोडिंग मेनूतून 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' करा, यात बाइट बदलतात, मग त्याच मेनूत नुसतं 'यूटीएफ-८' निवडा, यात बाइट तेच राहून वाचन बदलतं. मराठी दिसली की नव्या नावाने सेव्ह करा. हे जमायला संगणकाचं जुनं कोडपेज १२५२ असावं लागतं. विंडोजमध्ये 'जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८' हा बीटा पर्याय चालू असेल, तर तो तेवढ्यापुरता बंद करा.

पण सगळी अक्षरं परत येतीलच असं नाही. कोणती अडकतात, हे आधीच सांगता येतं, कारण विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता देवनागरीचे तिसरे बाइट बघा. पहिला उकार ई० ए५ ८१. हलन्त ई० ए५ ८डी. 'ए'चा शेवट ८एफ, 'ऐ'चा ९०, 'झ'चा ९डी. काही प्रोग्रॅम या रिकाम्या जागा अदृश्य कंट्रोल चिन्हं म्हणून जपतात, तेव्हा सगळं सुखरूप परत येतं. काही त्या टाकून देतात किंवा तिथे ? ठेवतात. अशा वेळी 'पुस्तक' शब्दातला उकार आणि हलन्त दोन्ही जातात आणि मागे दोनदा ई० ए५ एवढंच उरतं. कुठला उकार होता आणि कुठला हलन्त, हे शब्द वाचूनच ठरवावं लागतं.

'ठ' आणि 'भ' वेगळ्या कारणाने पडतात. 'ठ'चा तिसरा बाइट ए०, म्हणजे १२५२ मध्ये न तुटणारी मोकळी जागा. जास्तीच्या मोकळ्या जागा साफ करणारा एखादा फॉर्म्युला किंवा ट्रिमची पायरी तिला साधी जागा करून टाकते आणि खुद्द 'मराठी' या शब्दाला भोक पडतं. 'भ'चा शेवट एडी, म्हणजे एरवी न दिसणारा सॉफ्ट हायफन. तोही साफसफाईत निघून जातो. दुरुस्तीनंतर मोठ्या फाइलमध्ये कुठे नजर टाकायची, तर ठ, भ, झ, ए, ऐ, पहिला उकार आणि जोडाक्षरं. बाकीची व्यंजनं बहुधा शाबूत असतात.

प्रश्नचिन्हं, चौकोन, ठिपक्यांचं वर्तुळ

'मराठी'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं आणि 'महाराष्ट्र'च्या जागी दहा, असा हिशोब जुळला, तर प्रत्येक कोडपॉइंटमागे एक ? पडलं आहे. ज्या कोडपेजमध्ये देवनागरी नाही, त्यात मजकूर कोंबल्याचा हा परिणाम. परत मिळवता येत नाही. मूळ स्रोताकडून पुन्हा आणावा लागतो. डेटाबेसमध्ये हे घडत असेल, तर तपासायच्या जागा मोजक्या आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारचार हवा आणि क्वेरीत मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी कॅपिटल एन हवा; कॉलम बरोबर असूनही तो एन राहिला, की प्रश्नचिन्हंच साठतात. मायएसक्यूएलमध्ये टेबल आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ करा. तिथलं जुनं 'यूटीएफ८' तीन बाइटांपर्यंतच जातं. मराठीला ते पुरतं, पण चार बाइटांची इमोजी आली की अडतं.

� हे चिन्ह वेगळं. बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचताना जिथे अर्थ लागला नाही, तिथे वाचणारा ते दाखवतो. बहुतेकदा कोणीतरी मजकूर ठरावीक बाइटांवर कापलेला असतो आणि शेवटच्या अक्षराचा एक किंवा दोन बाइट उरतात.

रिकामा चौकोन □ दिसला, तर मजकूर ठीक आहे आणि फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. फॉन्ट बदलण्याचा इलाज लागू पडतो, तो फक्त इथे.

ठिपक्यांचं वर्तुळ ◌ म्हणजे मात्रेला बसायला व्यंजन सापडलं नाही. टाइपरायटरच्या सवयीने वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर टाइप केलं, एकाच व्यंजनावर दोन मात्रा पडल्या किंवा मध्ये स्पेस शिरली, की हे दिसतं. बॅकस्पेसने मागे जाऊन ते अक्षर नव्याने टाइप करणं हाच सरळ मार्ग.

आणि पडद्यावर शुद्ध रोमन अक्षरांची खिचडी असेल, तर ती जुन्या फॉन्टची फाइल आहे. कृतिदेव ०१० मध्ये 'मराठी' म्हणजे फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच ही पाच रोमन अक्षरं असतात. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी चित्रं काढतो. अशा फाइलला कन्व्हर्टर लागतो आणि नेमक्या त्याच फॉन्टचा लागतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांच्या मांडण्या एकमेकींशी जुळत नाहीत. रूपांतरानंतर पहिली वेलांटी आणि रफार आधी तपासा, कारण जुन्या फॉन्टमध्ये ते दिसण्याच्या क्रमाने साठवलेले असतात आणि त्यांना उच्चाराच्या क्रमात हलवावं लागतं. मजकुरात मध्येच खरे इंग्रजी शब्द असतील, तर कन्व्हर्टर त्यांचीही देवनागरी करून ठेवतो. ते आधी बाजूला काढा.

दिसायला सारखं, शोधताना वेगळं

हे दुखणं सर्वांत चिवट आहे, कारण डोळ्यांना काहीच चूक दिसत नाही.

'ॲप' शोधलं आणि यादीत समोर दिसत असूनही सापडलं नाही, तर 'ॲ' दोन प्रकारे लिहिला गेला आहे. बरोबर रूप एकच: यू+०९७२. दुसरं म्हणजे अ (०९०५) आणि त्यावर चंद्र (०९४५). युनिकोडची नॉर्मलायझेशन प्रक्रिया (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी) या दोन्हींना समान मानत नाही, त्यामुळे ती चालवून उपयोग नाही, फाइंड-रिप्लेसने बदला. हिंदी कळफलकावरून आलेला 'ऍ' (०९०डी) हा तिसरा पाहुणा, पण तो निदान वेगळा दिसतो. अ आणि काना जोडून केलेल्या 'आ'चीही तीच गत.

'ऱ्य' आणि 'ऱ्ह'मधला अर्धा र जास्त नाजूक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र: र, हलन्त, य. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या: ऱ (०९३१), हलन्त, य. पण जुन्या मजकुरात आणि काही कळफलकांत तोच आकार र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (२००डी) असा काढलेला असतो. हा जॉइनर अदृश्य असल्याने कोणीतरी 'नको ती चिन्हं' साफ करताना तो काढतं आणि सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून क्रम पाळा: आधी ०९३० ०९४डी २००डी हा क्रम शोधून त्याजागी ०९३१ ०९४डी ठेवा, आणि मगच उरलेल्या जॉइनरांकडे वळा. तेही सरसकट उडवू नका. कुटुंबाची किंवा व्यवसायांची अनेक इमोजी याच जॉइनरने जोडलेली असतात.

'ऱ'ची आणखी एक खोड: नॉर्मलायझेशनच्या एनएफडी (सुट्या) रूपात तो र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असा फुटतो. त्यानंतर नुक्ते काढणारी पायरी असेल, तर 'ऱ'चा 'र' होतो. मराठी मजकूर एनएफसी (जोडलेल्या) रूपात ठेवा. त्यात 'ऱ' पुन्हा एकसंध होतो. उर्दू-हिंदी शब्दांतला नुक्त्याचा 'ड़' मात्र एनएफसीतही ड आणि नुक्ता असा सुटाच राहतो. ती चूक नाही, नियमच तसा आहे.

लांबी आणि क्रमवारी

ओरॅकलमध्ये व्हारचार२ (५०) असं लिहिलं, तर मूळ सेटिंगमध्ये ते ५० बाइट असतात; त्यात मराठीचे सोळाच कोडपॉइंट मावतात. (५० चार) असं स्पष्ट लिहा. मायएसक्यूएल कोडपॉइंट मोजतं. एसएमएसमध्ये १४० बाइट मिळतात: इंग्रजीला सात बिटांप्रमाणे १६० अक्षरं, मराठीला दोन बाइटांप्रमाणे ७०. संदेश एकाहून अधिक भागांत गेला, तर जोडणीची माहिती जागा खाते आणि प्रत्येक भागात ६७ उरतात. त्या सत्तरात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: 'नमस्कार' म्हणजे सात. कापायचंच असेल, तर अख्ख्या अक्षराच्या सीमेवर कापणारी लायब्ररी वापरा आणि ती नवी असू द्या. हलन्ताने जोडलेली देवनागरी अक्षरं न तोडण्याचा नियम युनिकोडच्या सीमानियमांत १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला.

क्रमवारी नुसत्या कोडपॉइंटने लावली, तर 'ळ' हा 'ल' आणि 'व'च्या मध्ये येतो, कारण युनिकोडची देवनागरी मांडणी इस्की या भारतीय संकेतावरून घेतली आहे आणि तिथे तो 'ल'शेजारी आहे. मराठी कोशात त्याची जागा 'ह'नंतर. 'ॲ' तर २००८ साली आवृत्ती ५.१ मध्ये गटात आल्याने अंकांच्याही पलीकडे बसला आहे; वकिलांच्या यादीत 'ॲड.'ने सुरू होणारी सगळी नावं तळाशी जातात ती यामुळे. डेटाबेसमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये मराठीची क्रमवारी निवडली, की दोन्ही प्रश्न सुटतात. वेबपानाला भाषेचा कोड 'एमआर' द्यायला विसरू नका: 'ल' आणि 'श' यांचा क्रमांक हिंदी-मराठीत एकच आहे, पण मराठी वळणाचे आकार ठेवणारे फॉन्ट ते या कोडवरूनच निवडतात.

चाचणीचं वाक्य

नवा फॉर्म, नवी इम्पोर्ट स्क्रिप्ट किंवा नवा डेटाबेस वापरात आणण्याआधी त्यातून हे वाक्य आरपार पाठवा. अडखळणारी जवळपास सगळी अक्षरं त्यात आहेत. अर्थ शोधू नका.

ऐका, ॲप उघडा: ठाण्याजवळ एका झऱ्यावर भुंगे.

दुसऱ्या टोकाला ते ४२ कोडपॉइंट आणि यूटीएफ-८ मध्ये १०८ बाइट भरायला हवं. ४३ आणि १११ आलं, तर तीन ठिकाणी बघा: 'ॲ' दोन तुकड्यांत आहे का, 'ऱ' फुटला आहे किंवा जॉइनरने काढला आहे का, आणि फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ आहे का. बीओएमही नेमका एक कोडपॉइंट आणि तीन बाइटच वाढवतो, त्यामुळे आकड्यावरून हे तिन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. हेक्स उघडावंच लागतं. कोडपॉइंट आणि बाइट दोन्ही दोन-दोनने जास्त भरले, तर विंडोजचे ओळ संपवणारे दोन बाइट मोजले गेले असतील, ते वजा करा.